फाइल कुठे ठेवायची, हेही शिकवायला हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शिक्षणविषयक पुरवणीत प्रोग्रॅमिंग शिकू पाहणाऱ्यांसाठी लेख येतात आणि मी ते आवर्जून वाचते. कोणती भाषा घ्यावी, कोणते फ्रेमवर्क शिकावे, मुलाखतीत काय विचारतात, हे सगळे त्यांत असते. पण ज्या गोष्टीपायी माझे कामाचे कितीतरी तास जातात, तिचा उल्लेख मला त्यांत सापडला नाही. ती म्हणजे प्रकल्पातल्या फाइली आणि फोल्डर यांची मांडणी.

मी जावामध्ये लिहिलेल्या वेब ॲप्लिकेशनच्या देखभालीचे काम करते. दुसऱ्या कोणी लिहिलेले, आणि लिहिणारे बहुतेक वेळा निघून गेलेले प्रकल्प माझ्याकडे येतात. ते चालू ठेवायचे, दुरुस्त करायचे, नव्या आवृत्तीवर न्यायचे. असा प्रकल्प उघडला की मी लगेच कोड वाचायला घेत नाही. आधी फोल्डर उघडून बघते. पुढचे काही महिने कसे जाणार आहेत याचा अंदाज तिथेच येतो.

मांडणी म्हणजे टापटीप, सवड मिळाली की करायची गोष्ट, असे नव्याने आलेल्या मुलामुलींना वाटते. त्यांचा दोष नाही. त्यांना कोणी वेगळे सांगितलेलेच नसते. जावाच्या वेब प्रकल्पात फाइलची जागा बदलली की तिचे वागणे बदलते. तीच फाइल एका फोल्डरमध्ये असली तर जगातल्या कोणालाही ब्राउझरमधून उघडता येते, शेजारच्या फोल्डरमध्ये असली तर कोणालाच नाही. एका ठिकाणी ठेवली तर सर्व्हरवर पोचते, दुसऱ्या ठिकाणी ठेवली तर वाटेतच गळते. एवढ्या महत्त्वाच्या गोष्टीला आपण शिकवताना ‘हे असे फोल्डर तयार होतात, त्याकडे सध्या लक्ष देऊ नका’ म्हणून पुढे जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

जावा भाषेतच याची सुरुवात आहे. पब्लिक, म्हणजे कोठूनही वापरता येणाऱ्या, क्लासचे (कोडच्या एका घटकाचे) नाव आणि त्याच्या फाइलचे नाव एकच असावे लागते. पॅकेजचे, म्हणजे क्लासांच्या गटाचे, नाव म्हणजे फोल्डरचा मार्ग. संस्थेच्या संकेतस्थळाचा पत्ता उलटा लिहून पॅकेजची सुरुवात करायची, ही पद्धतही जुनी आहे. त्यामुळे दोन संस्थांच्या क्लासची नावे सारखी निघाली तरी गोंधळ होत नाही. एवढे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला माहीत असते. पण हाच नियम वेबच्या बाजूला आणखी कडक होतो, ते कोणी सांगत नाही.

1999 साली सर्व्हलेटचे, म्हणजे ब्राउझरच्या विनंतीला सर्व्हरवर उत्तर देणाऱ्या जावा क्लासचे, 2.2 हे मानक आले. वेब ॲप्लिकेशन कोणत्या आकारात बांधायचे, हे त्याने ठरवून दिले आणि सगळे ॲप्लिकेशन गुंडाळून सर्व्हरवर न्यायची ‘वॉर’ ही फाइल आली. त्या फाइलमध्ये ‘वेब-इन्फ’ नावाचा एक फोल्डर असतो. त्याच्या आत ‘क्लासेस’मध्ये आपले कंपाइल झालेले (चालवता येईल अशा रूपात आणलेले) क्लास, ‘लिब’मध्ये लागणाऱ्या जार फाइली (तयार क्लासांची गाठोडी), आणि ‘वेब.एक्सएमएल’ ही सेटिंग्जची फाइल. 2009 च्या सर्व्हलेट 3.0 पासून बरीच माहिती ॲनोटेशनने (कोडमध्येच लिहिलेल्या खुणेने) देता येते, त्यामुळे ‘वेब.एक्सएमएल’ पुष्कळ प्रकल्पांत नसते. ‘वेब-इन्फ’ मात्र आजही तसाच आहे. त्याचा नियम असा की या फोल्डरमधली कुठलीही फाइल ब्राउझरने थेट मागितली तर सर्व्हरने ‘404’ म्हणजे ‘सापडली नाही’ असेच उत्तर द्यायचे. आतला कोड ती वाचू शकतो, तिच्याकडे विनंती वळवू शकतो. बाहेरच्याला तिथे दार नाही.

आता या नियमाचा अर्थ बघा. समजा ‘पगारपत्रक.जेएसपी’ नावाचे, आत जावाचा कोड असू शकणारे, पान आहे. सर्व्हलेटने आधी लॉगिन तपासायचे, वापरणाऱ्याला अधिकार आहे का ते बघायचे, माहिती गोळा करायची आणि मग हे पान दाखवायचे, अशी रचना आहे. पान ‘वेब-इन्फ’च्या आत असेल तर सर्व्हलेटला वळसा घालून तिथवर जाता येत नाही. तेच पान बाहेर, ॲप्लिकेशनच्या ‘वेबॲप’ या मूळ फोल्डरमध्ये असेल, तर पत्त्याच्या पट्टीत त्याचे नाव टाइप करणाऱ्याला ते उघडते, आणि सर्व्हलेटमधली तपासणी कोणी विचारतसुद्धा नाही. कोडमध्ये एका अक्षराचाही फरक नाही. फरक फक्त जागेचा.

याहून वाईट प्रकार मी वारंवार पाहते. एखाद्या पानात मोठा बदल करायच्या आधी जुनी प्रत राहावी म्हणून कोणीतरी ‘लॉगिन.जेएसपी.बॅक’ किंवा ‘लॉगिन.जेएसपी.जुने’ अशी फाइल शेजारीच ठेवतो. ‘जेएसपी’ हे शेपूट असते तेव्हा सर्व्हर ते पान चालवतो आणि त्यातून निघालेले एचटीएमएल पाठवतो. शेपूट बदलले की सर्व्हरच्या लेखी ती साधी फाइल झाली. मग कोणी मागितली की तो ती आहे तशी, आतल्या सगळ्या कोडसकट, देऊन टाकतो. त्या कोडमध्ये डेटाबेसचा पासवर्ड असेल तर तोही. जुन्या प्रती ठेवायला गिट हे साधन आहे. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ‘जुने’, ‘नवे’, ‘फायनल’, ‘फायनल दोन’ असली नावे असता कामा नयेत, हे मी माझ्या गटात येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात सांगते, आणि का ते ब्राउझरमध्ये उघडून दाखवते. एकदा पाहिले की पुन्हा सांगावे लागत नाही.

मॅव्हनबद्दल, म्हणजे कोडपासून ॲप्लिकेशन बांधून (बिल्ड करून) देणाऱ्या साधनाबद्दल, जरा सविस्तर लिहायला हवे, कारण आज बहुतेक ठिकाणी तेच वापरतात. पूर्वी प्रत्येक प्रकल्पाची मांडणी वेगळी असायची. अँट या जुन्या साधनाच्या बिल्ड फाइलमध्ये कोणता फोल्डर कुठला, ते ज्याचे त्याने लिहायचे. एका प्रकल्पातून दुसऱ्यात गेले की सगळे नव्याने शिकायचे. 2005 मध्ये आलेल्या मॅव्हनच्या दुसऱ्या आवृत्तीने एक ठरावीक मांडणी रुळवली. मुळाशी ‘पोम.एक्सएमएल’ ही मॅव्हनसाठीच्या सूचनांची फाइल. ‘एसआरसी’ या मूळ कोडच्या फोल्डरच्या आत ‘मेन’ आणि ‘टेस्ट’ असे दोन भाग. ‘मेन’मध्ये ‘जावा’, ‘रिसोर्सेस’ आणि ‘वेबॲप’. बिल्ड केल्यावर जे तयार होते ते सगळे ‘टार्गेट’मध्ये. ग्रेडल या दुसऱ्या साधनानेही ‘एसआरसी’ची हीच मांडणी घेतली, फक्त तयार माल ‘बिल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये जातो. हे मानायची सक्ती नाही. फोल्डरांची नावे बदलून तसे पोममध्ये लिहिता येते. पण माझे मत स्पष्ट आहे : भक्कम कारण असल्याशिवाय बदलू नका. नवा माणूस येतो तेव्हा त्याला ठाऊक असलेली मांडणी समोर दिसली तर पहिल्याच दिवशी तो कामाला लागतो.

‘मेन’मधल्या या तीन फोल्डरांतला फरक नीट न कळल्यामुळे काय होते, त्याचा एक प्रसंग सांगते. आमच्या गटातल्या एका नव्या मुलाने मायबॅटिस हे डेटाबेसशी जोडणारे साधन वापरून काही क्वेरी (डेटाबेसला विचारायचे प्रश्न) लिहिल्या होत्या. त्यात एक जावा इंटरफेस (फक्त कामांची नावे सांगणारा कोड) असतो आणि त्याच्या जोडीची एक एक्सएमएल फाइल, जिच्यात एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसच्या भाषेतला प्रश्न, असतो. दोघी जोडीच्या म्हणून त्याने त्या शेजारी शेजारी, ‘जावा’ फोल्डरमधल्या एकाच पॅकेजात ठेवल्या. त्याच्या मशीनवर एक्लिप्स या कोड लिहायच्या प्रोग्रॅममध्ये सगळे सुरळीत चालले. सर्व्हरवर गेल्यावर मात्र ‘इनव्हॅलिड बाउंड स्टेटमेंट’ अशी त्रुटी. तो दिवसभर इंटरफेसमधली नावे तपासत बसला, नेमस्पेस (एक्सएमएलमध्ये लिहिलेले इंटरफेसचे पूर्ण नाव) तपासत बसला, अक्षरन् अक्षर जुळत होते.

“मॅडम, माझ्याकडे चालतंय हो. सर्व्हरच बिघडलाय बहुतेक.”

“वॉर उघडून बघितलीस?”

“उघडून म्हणजे?”

वॉर ही झिपच असते. शेपूट बदलून किंवा ‘जार’च्या आज्ञेने उघडता येते. आम्ही ती उघडली, ‘वेब-इन्फ’मधल्या ‘क्लासेस’मध्ये गेलो, पॅकेजचा मार्ग धरून खाली उतरलो. इंटरफेसचा क्लास तिथे होता. एक्सएमएल नव्हती. मॅव्हन ‘जावा’ फोल्डरमधून फक्त जावाच्या फाइली घेऊन कंपाइल करते. बाकी जे काही तिथे ठेवाल त्याकडे ते बघत नाही, आणि तसे सांगतही नाही. एक्लिप्सचा स्वतःचा बिल्डर साधारणपणे सोबतच्या इतर फाइलीही उचलून नेतो, म्हणून त्याच्याकडे चालत होते. आम्ही ती फाइल ‘रिसोर्सेस’मध्ये, पॅकेजचा तोच मार्ग तयार करून त्याच्या आत हलवली. बिल्ड केले. पुन्हा वॉर उघडली. क्लास आणि एक्सएमएल आता ‘क्लासेस’मध्ये एकाच फोल्डरात शेजारी शेजारी होत्या, कारण ‘जावा’ आणि ‘रिसोर्सेस’ या दोन्ही मुळांतला माल शेवटी तिथेच एकत्र येतो. त्या मुलाचा चेहरा उजळला, तो त्रुटी गेली म्हणून असेलच. पण ‘म्हणजे मी लिहितो तो प्रकल्प वेगळा आणि सर्व्हरवर जातो तो वेगळा’ हे वाक्य तो आपणहून बोलला, याचा मला जास्त आनंद झाला.

हेच न समजल्यामुळे कोडमध्ये ‘एसआरसी’पासून सुरू होणारा मार्ग लिहून सेटिंग्जची फाइल उघडणारे लोक आहेत. स्वतःच्या मशीनवर ती उघडते. सर्व्हरवर ‘एसआरसी’ नावाचे काहीच नसते. तिथे क्लासपाथवरून (जावा क्लास शोधते त्या ठिकाणांवरून), म्हणजे ‘गेट रिसोर्स ॲज स्ट्रीम’सारख्या मार्गाने ती मागायला हवी. आणि अक्षरांच्या लहानमोठेपणाचे तर विचारूच नका. ‘हेडर.जेएसपी’चे पहिले अक्षर इंग्रजीत कॅपिटल की स्मॉल, याची विंडोजला सहसा फिकीर नसते. लिनक्सला असते. फाइलींची नावे कशी लिहायची हे पहिल्याच दिवशी ठरवून टाकावे.

लोकांनी अपलोड केलेल्या फाइलींविषयी मात्र मला कळकळीने लिहावेसे वाटते, कारण तिथे नुकसान आपले नसते, दुसऱ्याचे असते. माझ्याकडे आलेल्या एका प्रकल्पात अर्जदारांची स्कॅन केलेली कागदपत्रे ‘वेबॲप’च्या आतल्याच ‘अपलोड्स’ फोल्डरमध्ये साठवली जात होती. लिहिणाऱ्याला ते सोपे वाटले असणार, कारण चित्राचा पत्ता लगेच देता येतो. टॉमकॅट हा जावाचा वेब सर्व्हर वॉर उलगडून जो फोल्डर तयार करतो, तो त्या वॉरचा असतो. नवी आवृत्ती चढवताना जुना फोल्डर पुसला जातो आणि नवा तयार होतो. कोणाचा दाखला, कोणाचे गुणपत्रक, कोणाचे छायाचित्र, सगळे त्याच्याबरोबर जाते. शिवाय ‘वेब-इन्फ’च्या बाहेर असल्यामुळे, जोवर ते तिथे आहे तोवर पत्ता ओळखणाऱ्या कोणालाही उघडते. अपलोड झालेल्या फाइलींची जागा ॲप्लिकेशनच्या पूर्ण बाहेर हवी, तिचा पत्ता सेटिंग्जमध्ये लिहिलेला हवा, आणि फाइल देताना मध्ये अधिकार तपासणारा कोड हवा. हे विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातही शिकवता येते. त्याला कुठलेही महाग साधन लागत नाही.

पासवर्डचेही तसेच. ‘ॲप्लिकेशन.प्रॉपर्टीज’ या सेटिंग्जच्या फाइलमध्ये लिहून गिटमध्ये घातलेला पासवर्ड नंतर पुसला तरी इतिहासात राहतो. तो एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमध्ये (ॲप्लिकेशनला बाहेरून दिलेल्या मूल्यात) किंवा सर्व्हरवरच्या वेगळ्या फाइलमध्ये असावा, आणि एकदा गिटमध्ये गेला असेल तर बदलूनच टाकावा.

पॅकेजांच्या आतली रचना कशी करावी, यावर जाणकारांत मतभेद आहेत. अभ्यासक्रमात सहसा थरांप्रमाणे विभागणी शिकवतात : सगळे कंट्रोलर (विनंती घेणारे क्लास) एका पॅकेजात, सगळ्या सर्व्हिस (प्रत्यक्ष हिशेब करणारे क्लास) दुसऱ्यात, डेटाबेसशी बोलणारे क्लास तिसऱ्यात. लहान प्रकल्पाला ती पुरते. प्रकल्प वाढला की मला ती नकोशी होते. बिलात एक रकाना वाढवायचा तर चार-पाच पॅकेजांत फिरावे लागते, आणि प्रत्येकात असंबद्ध क्लासांची रांग. त्याऐवजी ‘बिल’, ‘ग्राहक’, ‘साठा’ अशी कामाप्रमाणे पॅकेजे केली तर बिलाचे सगळे एका ठिकाणी सापडते. याचा आणखी एक फायदा आहे, जो जावा भाषेने आयता दिलेला आहे. क्लासच्या आधी पब्लिक लिहिले नाही तर तो फक्त त्याच पॅकेजात दिसतो. बिलाचा आतला हिशेब करणारा क्लास बाहेरच्यांनी वापरूच नये असे वाटत असेल तर ते कंपाइलरकडूनच करवून घेता येते. थरांप्रमाणे मांडणी केली की हे जमत नाही. सगळेच पब्लिक करावे लागते. त्याच्या टेस्टही ‘टेस्ट’मध्ये त्याच नावाच्या पॅकेजात ठेवायच्या, म्हणजे त्यांना हे आतले क्लास तपासता येतात.

‘युटिल’ आणि ‘कॉमन’ या नावांच्या पॅकेजांपासून सावध राहावे. कुठे ठेवायचे ते सुचले नाही की माणूस तिथे टाकतो, आणि काही वर्षांनी निम्मा प्रकल्प त्याच्यावर अवलंबून असतो.

मांडणीची खरी परीक्षा मोठ्या बदलाच्या वेळी होते. डिसेंबर 2020 मध्ये जकार्ता ईई 9 हा जावाच्या मानकांचा संच आला आणि सर्व्हलेटसकट त्या सगळ्या कुटुंबातल्या पॅकेजांच्या नावांची सुरुवात ‘जावाएक्स’ऐवजी ‘जकार्ता’ अशी झाली. टॉमकॅट 10 पासून जुनी नावे चालत नाहीत. हा बदल मी एकाहून अधिक प्रकल्पांत केला आहे. ज्या प्रकल्पात सर्व्हलेटशी संबंधित कोड वेबच्या पॅकेजातच राहिला होता, तिथे काम झटपट आणि शांतपणे झाले. जिथे ब्राउझरकडून आलेली ‘रिक्वेस्ट’ थेट व्याज काढणाऱ्या क्लासपर्यंत खाली पोचवली होती, तिथे प्रत्येक फाइल उघडावी लागली आणि प्रत्येक हिशेब पुन्हा तपासावा लागला. फ्रेमवर्क दोन्हीकडे एकच होते, लिहिणारेही सारख्याच हुशारीचे होते.

स्प्रिंग बूट हे फ्रेमवर्क आल्यापासून हे सगळे आपोआप होते, असे मला काही तरुण सहकारी सांगतात. त्याने पुष्कळ सोपे केले हे खरेच आहे. पण तेही फोल्डरांवरच चालते. मुख्य क्लास ज्या पॅकेजात असतो तिथून खालचीच पॅकेजे ते आपणहून तपासते. मुख्य क्लास चुकून एखाद्या आतल्या पॅकेजात ठेवला की शेजारच्या पॅकेजातले कंट्रोलर त्याला दिसतच नाहीत; कुठलीही त्रुटी येत नाही, पान मागितले की ‘404’. स्थिर फाइली ‘रिसोर्सेस’मधल्या ‘स्टॅटिक’मध्ये, पानांचे साचे ‘टेम्प्लेट्स’मध्ये. प्रकल्प वॉरऐवजी जार म्हणून बांधला तर ‘वेबॲप’ फोल्डरकडे बिल्ड साधने बहुतेक वेळा लक्षच देत नाहीत. आपोआप होणाऱ्या गोष्टी ज्या नियमांवर होतात ते नियम माहीत नसले की, बिघाड झाल्यावर शोधायला सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे की जावा वेब प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या तासिकेत मुलांकडून एक वॉर हाताने बांधून घ्यावी. एक सर्व्हलेट लिहायचा, ‘जावासी’ या जावाच्या कंपाइलरने कंपाइल करायचा, ‘वेब-इन्फ’ आणि ‘क्लासेस’ हे फोल्डर स्वतः तयार करायचे, ‘जार’च्या आज्ञेने गुंडाळायचे आणि टॉमकॅटच्या ‘वेबॲप्स’मध्ये टाकायचे. मग मुद्दाम क्लास चुकीच्या फोल्डरमध्ये ठेवून काय होते ते बघायचे. एक तासिका पुरते. त्यानंतर खुशाल मॅव्हन आणि स्प्रिंग बूट शिकवावे. आणि अंतिम वर्षाचे प्रकल्प तपासताना परीक्षकांनी पडद्यावरची पाने पाहण्याआधी फोल्डरांचा वृक्ष उघडायला सांगून ‘ही फाइल इथे का?’ एवढे विचारावे. त्याला गुणही ठेवावेत. गुण असले की तयारी होते, हे आपल्याला ठाऊक आहे.

आपल्याकडे मागणे एवढेच आहे की पुरवणीत पुढच्या वेळी जावावर लेख घ्याल तेव्हा त्याच्या शेजारी फोल्डरांची एक आकृती छापावी : बिल्डच्या आधी प्रकल्प कसा दिसतो, बिल्डनंतर वॉरच्या आत कुठली फाइल कुठे जाते, आणि त्यातले काय ब्राउझरला दिसते. चौकोन आणि बाणांची साधी आकृती चालेल. वाटल्यास ती मी काढून पाठवीन. मजकुराचे पैसे नकोत.

आपली,
जावा प्रकल्पांच्या देखभालीचे काम करणारी एक वाचक